ढाल विज्ञानाची, मूठ शिस्तीची

संकट टळले की त्याची आठवणही दूर सारावी, हा मनुष्यस्वभाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर हा विषय सार्वजनिक चर्चेतून जवळजवळ हद्दपार झाला. व्यक्तीने दुःख विसरणे हे एक वेळ शहाणपणाचे ठरेल. संस्थांनी अनुभव विसरणे मात्र कधीच शहाणपणाचे नसते. विशेषतः ज्या संस्थांचे कामच मुळी अनुभवाचे ज्ञानात रूपांतर करणे हे आहे, त्या विद्यापीठांनी तरी महासाथीचा हिशेब मांडायला हवा होता. तो हिशेब आपल्याकडे मांडला गेला काय?

विद्यापीठाचे आवार ही साथीच्या दृष्टीने मोठी नाजूक जागा असते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली हजारो मुले एका छताखाली राहतात, एका पंगतीत जेवतात, एका वर्गात बसतात. त्यांचे वय असे की, रोग त्यांना क्वचितच आडवा पाडतो. परंतु त्यांच्यामार्फत तो वयस्क प्राध्यापकांपर्यंत, खाणावळीतील आचाऱ्यापर्यंत, सुरक्षारक्षकापर्यंत आणि सुटीत घरी परतल्यावर आजी-आजोबांपर्यंत सहज पोहोचतो. ज्याला धोका कमी त्याच्याच वागण्यावर ज्याला धोका अधिक त्याचे प्राण अवलंबून, असा हा पेच आहे. त्यामुळे विद्यापीठातील साथनियंत्रणाच्या प्रश्नाला वैद्यकशास्त्राइतकेच नीतिशास्त्राचेही अंग आहे. हे ज्या एका विद्यापीठाच्या अनुभवातून स्वच्छ दिसते, त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

अर्बानाचा प्रयोग

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात अर्बाना आणि शॅम्पेन ही दोन जुळी गावे आहेत. तेथील इलिनॉय विद्यापीठ भारताला अपरिचित नाही. १९६० साली पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले, तेव्हा त्याच्या रचनेत या विद्यापीठाचे साहाय्य होते. आजही तेथे भारतीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे वर्ग उघडावेत की नाहीत, या विवंचनेत असताना इलिनॉयने वेगळा मार्ग धरला. आवारात येणाऱ्या प्रत्येकाची नियमित चाचणी करावयाची, विद्यार्थ्यांची आठवड्यातून दोनदा आणि तीही लक्षणे असोत वा नसोत, असे ठरले.

पण ते ठरवणे सोपे होते, करणे नव्हे. नाकात खोलवर काडी घालून नमुना घ्यावयाचा, मग त्यातून विषाणूचा आरएनए वेगळा काढावयाचा, ही प्रचलित पद्धत वेळखाऊ होती. तीसाठी लागणाऱ्या रसायनांचा त्या काळात जगभर तुटवडा होता. विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी यावर साधाच, परंतु परिणामकारक तोडगा काढला. नमुना लाळेचा घ्यावयाचा आणि ती लाळ ९५ अंश सेल्सियस तापमानाला अर्धा तास तापवावयाची. या उष्णतेने विषाणू निष्प्रभ होतो आणि आरएनए वेगळा काढण्याची खर्चिक पायरीच गळून पडते. विद्यार्थ्याने छोट्या नळीत लाळ द्यावी आणि काही तासांत निकाल त्याच्या भ्रमणध्वनीवर यावा, अशी व्यवस्था उभी राहिली. प्रयोगशाळा कोठून आणली? विद्यापीठाच्याच पशुवैद्यकीय महाविद्यालयात जनावरांच्या रोगांचे निदान करणारी जी यंत्रणा होती, तिलाच मानवी चाचण्यांसाठी सज्ज करण्यात आले. या साऱ्या योजनेला नाव दिले ‘शील्ड’, म्हणजे ढाल.

चाचणीची वेळ टळली की, अ‍ॅपवरील प्रवेशाची परवानगी आपोआप रद्द होई आणि इमारतीच्या दारावर उभा असलेला कर्मचारी आत सोडत नसे. बाधित विद्यार्थ्यासाठी विलगीकरणाच्या खोल्या राखून ठेवलेल्या होत्या. मुखपट्टी आणि अंतर यांचे नियम होतेच. नायजेल गोल्डनफेल्ड आणि सर्गेई मास्लोव्ह या दोन भौतिकशास्त्रज्ञांच्या गटाने साथीचे गणिती प्रारूप मांडून, किती दिवसांनी चाचणी केली असता किती संसर्ग रोखता येईल, याचा अंदाज बांधला होता. कागदावर सारे चोख होते.

गणितात न बसलेला मनुष्य

२४ ऑगस्ट २०२० रोजी वर्ग सुरू झाले आणि पहिल्या दहा दिवसांतच चित्र पालटले. संपूर्ण सत्रात जितके रुग्ण सापडतील असा अंदाज होता, जवळपास तितके या अल्पावधीतच सापडले. विशेष म्हणजे चाचणी चुकली नव्हती, प्रयोगशाळा थकली नव्हती आणि अ‍ॅपही बंद पडले नव्हते. तरुण मुले मेजवान्या करणार, हेही शास्त्रज्ञांनी हिशेबात धरले होते. धरले नव्हते ते एवढेच की, आपण बाधित आहोत हे कळल्यानंतरही काही जण मेजवानीला जातील, स्वतः मेजवानी भरवतील आणि आरोग्य खात्याचा दूरध्वनी उचलणार नाहीत.

या एका गोष्टीत साऱ्या प्रकरणाचे सार आहे. जगातील उत्तम यंत्रणा निकाल सांगू शकते, परंतु तो ऐकल्यावर घरी थांबण्याची बुद्धी ती देऊ शकत नाही. ती बुद्धी संस्कारातून, कर्तव्यबोधातून आणि ‘माझ्यामुळे दुसऱ्याला इजा होऊ नये’ या साध्या जाणिवेतून येते. ढाल कितीही भक्कम असली तरी तिची मूठ धरणारा हात ढिला असेल तर ती छातीचे रक्षण करीत नाही.

इलिनॉयचे कौतुक करावयाचे ते पुढल्या पावलासाठी. विद्यापीठाने आकडे दडवले नाहीत. २ सप्टेंबर रोजी पदवीपूर्व विद्यार्थ्यांना दोन आठवडे वर्ग, भोजन, चाचणी अशा अत्यावश्यक कामांखेरीज बाहेर पडण्यास मनाई करण्यात आली. नियम मोडणाऱ्यांवर निलंबनापर्यंतची कारवाई झाली. त्याचबरोबर बाधितांशी तातडीने संपर्क साधण्याची पद्धत सुधारण्यात आली आणि विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना समजावण्यावर भर देण्यात आला. आलेख खाली आला. त्या सत्रात दहा लाखांहून अधिक चाचण्या झाल्या. बाधितांचे प्रमाण सर्वसाधारणपणे अर्ध्या टक्क्याच्या आत राहिले. वर्गांत आणि प्रयोगशाळांत संसर्ग पसरल्याचे आढळले नाही. विद्यापीठ परिवारातील एकाही व्यक्तीला कोरोनामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले नाही, एकाही व्यक्तीचा मृत्यू झाला नाही. हे सारे शास्त्रज्ञांनी पुढे शोधनिबंधाद्वारे जगापुढे ठेवले. त्या वेळी लस उपलब्ध नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते.

‘ते श्रीमंत आहेत’ हे उत्तर नव्हे

यावर आपल्याकडे ठरलेले उत्तर येते. अमेरिकेतील विद्यापीठे धनवान आहेत. आपल्याला ते कसे परवडावे? या युक्तिवादात तथ्य आहे, पण ते अर्धेच. इलिनॉयच्या यशाचे मर्म महागड्या यंत्रांत नव्हते. खर्चाची एक पायरी गाळून टाकणाऱ्या कल्पकतेत आणि पशुवैद्यकाच्या प्रयोगशाळेला साथीच्या कामास जुंपणाऱ्या संघटनकौशल्यात ते होते. या दोहोंची भारताला वानवा आहे काय?

मुळीच नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर आधारित चाचणी विकसित केली. रुग्णाने नळीतील द्रावणाने गुळणी करावयाची आणि ती त्याच नळीत परत टाकावयाची. पुढे तो नमुना प्रयोगशाळेतील द्रावणात अर्धा तास ठेवून ९८ अंशांवर सहा मिनिटे तापवला की आरएनए चाचणीयोग्य होतो. नाकात काडी नाही, आरएनए काढण्याचा वेगळा संच नाही, प्रशिक्षित कर्मचाऱ्याचीही फारशी गरज नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. तत्त्व तेच, किंबहुना कृती अधिक सुटसुटीत. आणि ती महाराष्ट्राच्या भूमीत जन्मलेली. मग विदर्भातील, मराठवाड्यातील, पश्चिम महाराष्ट्रातील विद्यापीठांनी या पद्धतीभोवती आपापल्या आवाराची नियमित चाचणीव्यवस्था उभी केल्याचे चित्र का दिसले नाही? शोध लावणारी संस्था एका टोकाला, तो वापरू शकणारी विद्यापीठे दुसऱ्या टोकाला आणि मध्ये परिपत्रकांची नदी, असे आपल्याकडे घडले.

आपल्या विद्यापीठांनी त्या काळात चर्चा केली ती मुख्यतः परीक्षांची. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाहीत यावर राज्य सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्यात वाद झाला. अखेर २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेविना पदवी देता येणार नाही, असा निर्वाळा दिला. पदवीची प्रतिष्ठा राखणारा हा निर्णय योग्यच होता. पण ज्या आठवड्यात अर्बाना येथे विद्यार्थी लाळेच्या नळ्या घेऊन रांगेत उभे होते, त्याच आठवड्यात आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा होणार की नाही, या न्यायालयीन उत्तराची वाट पाहत होते. प्राधान्यक्रमातील हे अंतर बोलके आहे.

याची किंमतही आपण मोजली. डिसेंबर २०२० मध्ये चेन्नईच्या आयआयटीत शंभराहून अधिक जण बाधित झाले. वसतिगृहांतील मुलांसाठी एकच खाणावळ चालू ठेवल्याचे कारण तेव्हा पुढे आले. एप्रिल-मे २०२१ च्या भीषण लाटेत अलीगढ मुस्लीम विद्यापीठाने काही आठवड्यांत सेवेतील डझनाहून अधिक प्राध्यापक गमावले. आवारात फिरणारा विषाणूचा प्रकार कोणता, हे तपासावे, अशी विनंती कुलगुरूंना वैद्यकीय संशोधन परिषदेला करावी लागली. दिल्ली विद्यापीठातील अनेक शिक्षकांचेही त्याच काळात निधन झाले. ती लाट २०२० च्या लाटेहून कितीतरी मारक होती, त्यामुळे इलिनॉयशी सरळ तुलना अन्यायाची ठरेल. तरीही वर्षानुवर्षांच्या अध्ययनाने घडलेला एकेक अध्यापक जाणे, ही राष्ट्राच्या बौद्धिक संपत्तीची हानी आहे. तो कोणत्या विद्यापीठातला, हा प्रश्न येथे गैरलागू आहे.

लस : सक्ती आणि विश्वास

२०२१ साली लस आली आणि प्रश्नाचे रूप बदलले. २५ मार्च २०२१ रोजी न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठाने विद्यार्थ्यांना लस सक्तीची केल्याचे जाहीर केले आणि पाठोपाठ शेकडो विद्यापीठांनी तोच मार्ग धरला. इंडियाना विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी या सक्तीविरुद्ध दाद मागितली. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी हस्तक्षेपास नकार दिला. भारतात न्यायालयाने निराळा तोल साधला. २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे लसीकरण धोरण मनमानी नसल्याचे सांगितले, मात्र कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, हेही स्पष्ट केले. व्यक्तीच्या शरीरावर तिचा अधिकार मान्य करून समाजहिताच्या मर्यादा तपासण्याची ही दृष्टी आपल्या परंपरेशी अधिक सुसंगत आहे.

सक्ती आणि विश्वास यांतील भेद महाराष्ट्राला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात रँडच्या अधिकाराखाली गोऱ्या सैनिकांनी घरे तपासली, देवघरांची आणि स्त्रियांची मर्यादा पाळली नाही. त्या संतापाचा उद्रेक २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंच्या गोळ्यांतून झाला. रोग हटवण्यासाठी आलेली सत्ताच लोकांना रोगाहून भयंकर वाटू लागली, हे त्या धोरणाचे अपयश होते. त्याच वर्षी मुंबईत, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातील तुटपुंज्या जागेत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. एकीकडे संगिनीचा धाक, दुसरीकडे स्वतःवर केलेला प्रयोग. लोकांचा विश्वास कोणत्या मार्गाने मिळतो, हे सांगण्यास याहून मोठा दाखला नको. तो विश्वास किती नाजूक असतो, हेही पुढे दिसले. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. निर्दोषत्व सिद्ध होण्यास १९०७ साल उजाडले.

महाराष्ट्रातील महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली तेव्हा दोन मात्रा घेतलेल्या विद्यार्थ्यांनाच प्रवेश होता. त्यानंतर ‘मिशन युवा स्वास्थ्य’ या नावाने महाविद्यालयांतच लसीकरणाची मोहीम घेण्यात आली. ‘लस घेतली नाही म्हणून दार बंद’ असे न म्हणता ‘दारातच लस उपलब्ध’ असे म्हणणारी ही मोहीम योग्य दिशेची होती. परंतु लस म्हणजे सर्वस्व नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्ये धारवाडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात नवागतांच्या स्वागतसोहळ्यानंतर अडीचशेहून अधिक विद्यार्थी व कर्मचारी बाधित झाले. त्यांतील बहुतेकांच्या दोन्ही मात्रा झालेल्या होत्या. लसीने त्यांचा आजार सौम्य ठेवला, गर्दीचा मोह मात्र लस रोखू शकली नाही. अर्बानाचा धडा धारवाडलाही लागू पडला.

स्वदेशी लस आणि परदेशी दार

याच काळात परदेशी विद्यापीठांत प्रवेश मिळालेल्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांवर वेगळाच प्रसंग ओढवला. भारत बायोटेक आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेली कोव्हॅक्सिन घेतलेल्या विद्यार्थ्यांना अमेरिकेतील अनेक विद्यापीठे लसवंत मानावयास तयार नव्हती, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तिचे नाव नव्हते. तेथे पोहोचल्यावर पुन्हा दुसरी लस घ्या, असे त्यांना सांगण्यात येत होते. दोन निराळ्या लसी एकाच शरीरात गेल्यास काय होईल, याचे खात्रीचे उत्तर तेव्हा कोणापाशी नव्हते. कोव्हिशील्ड घेतलेल्यांची अडचण निराळी होती. दोन मात्रांतील अंतर १२ ते १६ आठवडे झाल्यामुळे अनेकांची प्रयाणाची तारीख आधी येत होती. केंद्र सरकारने ७ जून २०२१ रोजी अशा विद्यार्थ्यांना २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची मुभा दिली आणि प्रमाणपत्रावर पारपत्राचा क्रमांक नोंदवण्याची सोय केली. मुंबई महापालिकेने त्याआधीच त्यांच्यासाठी खास केंद्रे उघडली होती. संवेदनशील शासन कसे असते, याचे हे उदाहरण.

ब्रिटनने तर कहर केला. पुण्यात तयार झालेली, त्यांच्याच ऑक्सफर्डच्या संशोधनावर आधारलेली कोव्हिशील्ड त्यांनी यादीत घेतली, पण भारताचे प्रमाणपत्र मान्य केले नाही. भारताने ऑक्टोबर २०२१ च्या आरंभी ब्रिटिश प्रवाशांवर तसेच निर्बंध लादताच आठवडाभरात लंडनची भूमिका मवाळ झाली. स्वाभिमान राखला की सन्मान मिळतो, हे पुन्हा एकदा दिसले.

परंतु स्वाभिमानाच्या पोटात आत्मपरीक्षणही असावे लागते. कोव्हॅक्सिनला देशात ३ जानेवारी २०२१ रोजी परवानगी मिळाली ती तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष हाती येण्यापूर्वी. ते निष्कर्ष नामांकित शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाले नोव्हेंबरमध्ये. आरोग्य संघटनेची मान्यताही आली ३ नोव्हेंबर २०२१ रोजी. तोवर अमेरिकेतील सत्र सुरू होऊन अडीच महिने उलटले होते. जगाचा दुजाभाव खरा, पण त्या दुजाभावाला निमित्त मिळू नये इतक्या तत्परतेने पुरावा मांडणे हे आपले काम होते. पुराव्याने उभी राहिलेली स्वदेशी वस्तू कोणाच्या दारात ताटकळत नाही.

पुढच्या साथीपूर्वी

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक विद्यापीठाकडे साथीचा लेखी आराखडा असावा आणि अग्निशमनाच्या सरावाप्रमाणे त्याचा वर्षातून एकदा सराव व्हावा. वसतिगृहात विलगीकरणासाठी खोल्या कोणत्या, खाणावळीच्या पाळ्या कशा, परगावच्या विद्यार्थ्याचे पालक कोणाशी बोलतील, हे संकटाच्या आधी ठरलेले असावे. दुसरी गोष्ट, विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, पशुवैद्यक या विभागांना गरज पडताच चाचणी केंद्र होण्याची पूर्वमान्यता मिळावी. यंत्रे आहेत, माणसे आहेत. त्यांना परिपत्रकांच्या बेडीतून सोडवावयाचे आहे. तिसरी गोष्ट, सफाई कामगार, आचारी, पहारेकरी हेही विद्यापीठ परिवाराचेच घटक मानून लसीकरणात त्यांचा क्रमांक आधी लागावा. आवारात ते साऱ्यांच्या संपर्कात येतात आणि त्यांना घरी बसून काम करण्याची सोय नसते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १९६९ पासून आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना आहे, राष्ट्रीय छात्र सेना आहे. इलिनॉयला मुलांना शिस्त लावण्यासाठी निलंबनाचा दंडुका उगारावा लागला; आपल्याकडे सेवेची संघटित परंपरा तयार आहे. बाधित मित्राला डबा पोहोचवणारा, एकट्या पडलेल्या मुलीची विचारपूस करणारा, लसीविषयीच्या अफवांना शांतपणे उत्तर देणारा स्वयंसेवक विद्यार्थी ज्या आवारात आहे, तेथे दारावरचा पहारा निम्म्याने कमी लागेल.

पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. १८९७ च्या प्लेगात हडपसरजवळ पुत्र यशवंतच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांच्यापाशी ना लाळेची चाचणी होती, ना लस, ना अ‍ॅप. होती ती केवळ दुसऱ्याच्या प्राणासाठी स्वतःला झिजवण्याची वृत्ती. ज्या भूमीतील विद्यापीठ अशा मातेचे नाव मिरवते, तेथे विज्ञानाची ढाल घडवणे कठीण नाही आणि तिची मूठ घट्ट धरणारे हातही दुर्मीळ नाहीत. गरज आहे ती दोहोंची गाठ वेळेपूर्वी घालून देण्याची. पुढची साथ तारीख कळवून येणार नाही.